रिपोर्टात ‘वॉशआउट’ आहे, पण कितव्या सेकंदाला?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून हिपॅटायटिस बी आहे, गोळी रोज चालू असते. दर सहा महिन्यांनी होणाऱ्या सोनोग्राफीत यावेळी लिव्हरच्या उजव्या भागात २२ मिलिमीटरची गाठ दिसली. क्रिएटिनिन २.४ असल्यामुळे डॉक्टर म्हणाले सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट टाळू, आणि पेसमेकरमुळे एमआरआयही बाजूला पडला. मग कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी केली. रिपोर्टात एवढंच आहे : ‘आर्टेरियल फेजमध्ये एन्हान्समेंट, नंतर वॉशआउट. श्वास आणि खोलीमुळे तपासणी मर्यादित. पुन्हा करावी किंवा बायोप्सी करावी.’ परत करावी का, की सरळ बायोप्सीला जावं? तेच औषध पुन्हा शिरेत गेल्यावर किडनीला किंवा हृदयाला त्रास होईल का?

उत्तर : तपासणी पुन्हा करून घ्या. बायोप्सीचं त्यानंतर ठरवा, कदाचित ती लागणारही नाही. या औषधाने किडनीला अपाय होत नाही आणि पेसमेकरचा या तपासणीशी संबंध येत नाही, तेव्हा त्या दोन काळज्या आत्ताच सोडा. हृदयाबद्दल एक-दोन गोष्टी मात्र आधी सांगायला हव्यात, त्या पुढे येतीलच.

रिपोर्टातला ‘मर्यादित’ हा शेरा चालण्यासारखा आहे. गाठ खोल असली, माणसाला श्वास धरता आला नाही की असं होतं. खरी अडचण ‘नंतर वॉशआउट’ या दोन शब्दांत आहे. नंतर म्हणजे चाळिसाव्या सेकंदाला की तिसऱ्या मिनिटाला? गाठ जराशी फिकी पडली की पार काळी झाली? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निदान इकडचं तिकडे होतं, आणि तीच उत्तरं रिपोर्टात नाहीत.

वेळेला एवढं महत्त्व का, हे एकदा कळलं की बाकीचं सोपं आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून येतं, उरलेलं धमनीतून. लिव्हरचा मूळचा कॅन्सर, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा किंवा एचसीसी, वाढता वाढता पोर्टलचा पुरवठा गमावतो आणि जवळपास पूर्णपणे धमनीवर जगायला लागतो. त्यामुळे शिरेत टाकलेलं कॉन्ट्रास्ट धमनीतून लिव्हरमध्ये पोचलं की ही गाठ आजूबाजूच्या लिव्हरच्या आधी उजळते (रिपोर्टातलं ‘एन्हान्समेंट’ ते हेच). थोड्या वेळाने पोर्टलचं रक्त येऊन बाकीचं लिव्हर उजळतं, तेव्हा गाठ मागे पडते, फिकी दिसते. या मागे पडण्याला वॉशआउट म्हणतात.

इथलं कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅसचे सूक्ष्म बुडबुडे. सर्वाधिक वापरात असलेल्या औषधात (सोनोव्ह्यू, अमेरिकेत त्याचंच नाव ल्युमासन) सल्फर हेक्साफ्लोराइड गॅस असतो आणि त्याभोवती फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. बुडबुड्याचा सरासरी व्यास सुमारे अडीच मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहून कमी. म्हणून तो फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतून आरामात पार होतो. पण सीटी किंवा एमआरआयचं कॉन्ट्रास्ट जसं रक्तवाहिनीबाहेर पाझरतं तसं याचं होत नाही, बुडबुडा वाहिनीतच राहतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

इंजेक्शन दिल्यावर १० ते २० सेकंदांत धमनीतले बुडबुडे लिव्हरमध्ये दिसू लागतात, हा आर्टेरियल फेज. तो ३० ते ४५ सेकंदांपर्यंत चालतो. तिथून दोन मिनिटांपर्यंत पोर्टल फेज आणि दोन मिनिटांनंतर लेट फेज, तो बुडबुडे संपेपर्यंत, साधारण चार ते सहा मिनिटांपर्यंत. हृदयाचं पंपिंग कमकुवत असेल तर सगळंच काही सेकंद पुढे सरकतं. पेसमेकर आहे म्हणजे पंपिंग कमीच असेल असं नाही, पण इको झाला असेल तर तो रिपोर्ट सोबत न्या.

या घड्याळावर वेगवेगळ्या गाठी वेगवेगळ्या वागतात. हिमँजिओमा ही निरुपद्रवी रक्तवाहिन्यांची गाठ कडेने तुटक ठिपक्यांसारखी उजळते, हळूहळू आत भरत जाते आणि शेवटपर्यंत उजळलेलीच राहते. फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया ही दुसरी निरुपद्रवी गाठ मधल्या धमनीपासून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर उजळते आणि तीही टिकते. साध्या सिस्टमध्ये बुडबुडे जातच नाहीत. दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर बहुधा कडेने कड्यासारखा उजळतो आणि पहिल्याच मिनिटात फिका पडायला लागतो. दुसऱ्या मिनिटाला तिथे भोक पाडल्यासारखा काळा डाग उरतो. लिव्हरमधल्या पित्तनलिकांचा कॅन्सर, कोलँजिओकार्सिनोमा, याच मार्गाने जातो. एचसीसी मात्र सबंध उजळतो, कड्यासारखा नाही, आणि त्याचं फिकं पडणं उशिरा सुरू होतं व हलकं असतं. काही एचसीसीत ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कुठे दिसतं.

म्हणून ही रेघ : वॉशआउट साठ सेकंदांच्या आधी की नंतर. एकेकाळी ती नव्हती, आणि त्याचा फटका या तपासणीला बसला. कोलँजिओकार्सिनोमाही धमनीत उजळतो आणि नंतर धुतला जातो, म्हणून तो एचसीसी समजला जाऊ शकतो, हे पुढे आलं. सीटीत हा घोटाळा तेवढा होत नाही, कारण तिथलं कॉन्ट्रास्ट त्या गाठीच्या तंतुमय भागात पाझरतं आणि गाठ उशिरा उजळत जाते. बुडबुडे पाझरत नाहीत. २०१० च्या सुमारास अमेरिकन यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतून कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी याच कारणाने वगळली गेली. पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र लाय-रॅड्स वर्गवारी आणली आणि त्यात वॉशआउट ‘केव्हा’ आणि ‘किती’ या दोन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. तुमच्या हातातला रिपोर्ट त्या आधीच्या पद्धतीने लिहिलेला आहे.

ही वर्गवारी सिऱ्हॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या प्रौढांसाठी आहे, म्हणजे तुमच्या वडिलांना ती लागू होते. २२ मिलिमीटरच्या गाठीसाठी तिचे निष्कर्ष असे निघतात : आर्टेरियल फेजमध्ये सबंध किंवा काही भागात उजळली (कड्यासारखी किंवा कडेने ठिपक्यांसारखी नाही) आणि वॉशआउट ६० सेकंदांनंतर सुरू झालं, तेही हलकं, तर एलआर-५, म्हणजे एचसीसी नक्की. तशीच उजळली पण वॉशआउट दिसलंच नाही, तर एलआर-४, म्हणजे एचसीसीची दाट शक्यता. आर्टेरियलमध्ये उजळली नाही पण उशिरा हलकी फिकी पडली, तरी २० मिलिमीटरच्या वर असल्यामुळे एलआर-४. उजळली नाही आणि फिकीही पडली नाही, तर एलआर-३, अनिश्चित. कड्यासारखी उजळली, किंवा ६० सेकंदांच्या आत फिकी पडायला लागली, किंवा दोन मिनिटांच्या आत ठळक काळी झाली, यांतलं एक जरी असलं तरी एलआर-एम. एलआर-एम म्हणजे ‘कॅन्सर आहे किंवा त्याची दाट शक्यता आहे, पण एचसीसी असं छातीठोक म्हणता येत नाही’; यातल्या बऱ्याच गाठी शेवटी एचसीसीच निघतात, पण ते सुईशिवाय ठरत नाही.

म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्या न लिहिलेल्या सेकंदावर बायोप्सीचं उत्तर अवलंबून आहे. एलआर-५ आलं तर बायोप्सीशिवाय पुढचं पाऊल टाकता येतं. एलआर-एम आलं तर बायोप्सी लागेलच.

पुन्हा करण्याआधी पहिल्या केंद्राकडून त्या तपासणीची क्लिप मागा. फोटो नाही, क्लिप. पहिल्या मिनिटाची सलग चित्रफीत साठवलेली असेल आणि तिच्यावर टायमर चालू दिसत असेल, तर दुसरा अनुभवी रेडिओलॉजिस्ट ती पाहून वॉशआउटची वेळ सांगू शकतो. क्वचित पुन्हा सुई टोचायचीही गरज पडत नाही. बऱ्याचदा मात्र चार-दोन स्थिरचित्रंच हाती लागतात, मग दुसरा मार्ग नाही.

किडनी, हृदय आणि ॲलर्जी

या औषधात सीटीच्या कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन नाही, एमआरआयचं गॅडोलिनियमही नाही. गॅस किडनीवाटे बाहेर पडतच नाही, श्वासावाटे पडतो. ऐंशी टक्क्यांहून जास्त पहिल्या दोन मिनिटांत, जवळपास सगळा पंधरा मिनिटांत. कवचाचं फॉस्फोलिपिड शरीर इतर चरबीसारखंच पचवतं. गॅसचं प्रमाणही पाहा : लिव्हरसाठीचा नेहमीचा २.४ मिलिलिटरचा डोस घेतला तर त्यात जेमतेम १९ मायक्रोलिटर गॅस असतो, पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी. म्हणून या तपासणीआधी क्रिएटिनिन पाहण्याची गरज नसते आणि त्याच दिवशी दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं तरी किडनीच्या दृष्टीने फरक पडत नाही.

गंभीर ॲलर्जी होऊ शकते, पण पोटाच्या तपासण्यांत ती साधारण दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत होते, म्हणून तपासणीनंतर किमान अर्धा तास तिथेच बसवतात. ‘बरं वाटतंय, निघू या’ म्हणून तो अर्धा तास कापू नका. डोकं दुखणं, मळमळ, तोंडाला वेगळी चव, अंगात ऊब जाणवणं हे किरकोळ त्रास आपोआप जातात. सोनोव्ह्यूमध्ये पॉलिइथिलिन ग्लायकॉल असतं. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायला किंवा बद्धकोष्ठासाठी याच द्रव्याची पावडर देतात. ती घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर इंजेक्शनआधी आवर्जून सांगा. सोनाझॉइड नावाचं दुसरं औषध वापरणार असतील तर अंड्याची ॲलर्जी आहे का ते सांगा, त्याच्या कवचाचा घटक अंड्यापासून बनतो.

हृदयाचं : गेल्या काही दिवसांत छातीत दुखलं आहे का, हार्ट अटॅक आला आहे का, फुफ्फुसातला रक्तदाब खूप वाढलेला आहे का, हृदयाच्या कप्प्यांमध्ये छिद्र असून रक्त उजवीकडून डावीकडे जातं असं कधी सांगितलं आहे का. युरोपातल्या औषधपत्रकात यांतल्या शेवटच्या दोन परिस्थितींत हे औषध देऊ नये असं आहे, अमेरिकेतल्या पत्रकात छिद्राबद्दलची ती मनाई आता नाही. निर्णय डॉक्टरांचा, माहिती तुमच्याकडून जायला हवी. वाढलेला रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी तो खाली आणावा.

पहिल्यांदा काय बिघडलं असेल

रिपोर्टात श्वास आणि खोली अशी दोन कारणं दिली आहेत. आमच्या मते तिसऱ्याचीही शक्यता धरायला हवी : सलग स्कॅनिंग.

बुडबुडे नाजूक असतात. नेहमीच्या सोनोग्राफीच्या ताकदीने त्यांच्यावर लहरी सोडल्या तर ते फुटतात. म्हणून कॉन्ट्रास्ट मोडमध्ये मशीनची ताकद, म्हणजे मेकॅनिकल इंडेक्स, अगदी खाली, ०.१ च्या आसपास ठेवतात. तरीसुद्धा प्रोब (अंगावर टेकवायचं सोनोग्राफीचं यंत्र) एकाच जागी धरून मिनिटभराच्या पुढे सतत पाहत राहिलं की त्या पातळीतले बुडबुडे हळूहळू फुटत जातात आणि गाठ फिकी पडल्यासारखी दिसते. हे खोटं वॉशआउट. ते ओळखायची रीत सोपी आहे : गाठीशेजारचं, तेवढ्याच खोलीवरचं लिव्हरही काळवंडलंय का ते पाहायचं, आणि प्रोब जरा सरकवून आतापर्यंत न पाहिलेल्या लिव्हरशी तुलना करायची. सगळा पट्टाच काळा पडला असेल तर दोष बुडबुड्यांच्या फुटण्याचा आहे, गाठीचा नाही. हे टाळण्यासाठी पहिली ६० सेकंदं सलग पाहायची आणि सलग रेकॉर्ड करायची, त्यानंतर प्रोब उचलायचा आणि दर ३० सेकंदांनी काही क्षण टेकवून पाहायचं, बुडबुडे संपेपर्यंत. घाई असलेल्या केंद्रात दोन-तीन मिनिटांत प्रोब ठेवून देतात. चौथ्या मिनिटाला येणारं एचसीसीचं हलकं वॉशआउट अशा वेळी निसटतं आणि रिपोर्टात ‘वॉशआउट नाही’ असं येतं.

बुडबुडे प्रोबखाली जाण्याआधीही मरू शकतात. सोनोव्ह्यूच्या बाटलीत कोरडी पावडर असते. तीत ५ मिलिलिटर नॉर्मल सलाईन घालून २० सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होतं. ते ठेवून दिलं की बुडबुडे वर तरंगून गोळा होतात, म्हणून सिरिंजमध्ये ओढण्याआधी पुन्हा हलवावं लागतं आणि ओढल्यावर लगेच द्यावं लागतं. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये पडून राहिली आणि मग टोचली, तर डोस कागदावर २.४ आणि प्रत्यक्षात कितीही. बारीक सुईतून जोरात ढकललं तरी बुडबुडे फुटतात, म्हणून कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) शक्यतो २० गेजची, निदान २२ ची हवी. तीन तोंडांचा स्टॉपकॉक लावला असेल तर औषध सरळ रेषेतल्या तोंडातून द्यायचं आणि सलाईन बाजूच्या तोंडातून. काटकोनात वळताना बुडबुड्यांचं नुकसान होतं. औषध दोन-तीन सेकंदांत, लगेच पाठोपाठ ५ ते १० मिलिलिटर सलाईन, आणि त्याच क्षणी टायमर सुरू. टायमर उशिरा सुरू झाला तर ६० सेकंदांच्या रेघेलाच अर्थ राहत नाही. यासाठी दोन माणसं लागतात, एक प्रोबवर आणि एक सुईवर. एकटा माणूस दोन्ही करत असेल तर आर्टेरियल फेज चुकण्याची शक्यता मोठी.

जास्त औषध म्हणजे जास्त स्पष्ट, असंही नाही. डोस जास्त झाला की वरच्या थरातल्या बुडबुड्यांचीच सावली खाली पडते आणि खोलची गाठ झाकोळते. चांगल्या आधुनिक मशीनवर कित्येक जण १.२ मिलिलिटरवरच काम भागवतात.

खोलीचा प्रश्न मात्र खरा आहे. त्वचेपासून दहा-बारा सेंटिमीटरच्या खाली गाठ असेल, लिव्हर चरबीयुक्त किंवा खूप कडक असेल, तर सिग्नल तिथे पोचेपर्यंत मंदावतो. यावर थोडे उपाय आहेत : रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, उजवा हात डोक्यावर घ्यायचा म्हणजे बरगड्यांमधली जागा रुंदावते, पोटाकडून दिसत नसेल तर बरगड्यांमधून पाहायचं. फोकस गाठीच्या पातळीला किंवा जरा खाली ठेवायचा. गाठ अगदी वर, डायफ्रामला चिकटून असेल आणि फुफ्फुस आड येत असेल, तर कितीही कौशल्य लावलं तरी दिसणार नाही. तसं असेल तर पुन्हा करूनही उपयोग नाही. हे इंजेक्शनआधीच कळतं. साध्या सोनोग्राफीत गाठ नीट, एका स्थिर कोनातून दिसत नसेल तर इंजेक्शन देऊच नये, असा प्रामाणिक रेडिओलॉजिस्ट स्वतःच सांगेल. अशा वेळी त्याच्यावर नाराज होऊ नका.

तुमच्या हातात काय आहे

चार ते सहा तास उपाशीपोटी न्या, गॅस आणि अन्न आड येऊ नये म्हणून. रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर चालतात. डायबिटिसची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर त्याबद्दल आदल्या दिवशी विचारून घ्या.

श्वासाचा सराव घरी करा. बहुतेक लोक ‘श्वास धरा’ म्हटलं की खोल श्वास घेऊन धरतात, आणि वीस सेकंदांनी सोडला की लिव्हर सरकन वर जातं, गाठ पडद्यावरून नाहीशी होते. नेमका तोच आर्टेरियल फेज. त्यापेक्षा बाबांना आडवं झोपवून, पोट फारसं न हलवता, उथळ आणि शांत श्वास मिनिटभर चालू ठेवायला शिकवा. घड्याळ लावून पाच-सहा वेळा केलं की जमतं. तपासणीच्या खोलीत इंजेक्शनआधी एकदा तालीम करायला सांगा, गाठ प्रोबखाली टिकते का ते तिथल्या तिथे कळेल.

कॅन्युलाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या तपासणीत ती कोपराच्या खोबणीतल्या मोठ्या शिरेत, शक्यतो डाव्या हाताला घालतात, कारण उजव्या बाजूला सोनोग्राफी करणारा बसलेला असतो. पण क्रिएटिनिन २.४ म्हणजे पुढेमागे डायलिसिस आणि त्यासाठी फिस्टुला, म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया, लागू शकतो. फिस्टुला बहुधा कमी वापरातल्या हाताला करतात. त्या हाताच्या मनगट ते कोपर भागातल्या शिरा जपायच्या असतात. बाबा उजवखुरे असतील तर नर्सला आधीच सांगा. हाताच्या पंजामागची शीर चांगली असेल तर तिथे २० किंवा २२ ची कॅन्युला चालते. बुडबुडे पोचायला जरा जास्त वेळ लागेल, बाकी बिघडत नाही. याबद्दल किडनीच्या डॉक्टरांचं मत घ्या.

अपॉइंटमेंट घेताना विचारायच्या गोष्टी : लिव्हरच्या गाठींसाठी ही तपासणी तिथे नियमित होते का, पहिलं मिनिट सलग रेकॉर्ड होतं का, कोणतं औषध वापरतात. सोनाझॉइड असेल तर घड्याळ थोडं वेगळं चालतं. त्याचे बुडबुडे लिव्हरमधल्या कुप्फर पेशींकडून (रक्तातले कण गिळणाऱ्या पेशी) गिळले जातात, त्यामुळे दहाएक मिनिटांनी आणखी एक फेज मिळतो, ज्यात कुप्फर पेशी नसलेली गाठ काळी उठून दिसते. नवीन गाठी शोधायला हे उत्तम. पण हे गिळणं पहिल्या-दुसऱ्या मिनिटापासूनच सुरू होतं, म्हणून उशिरा दिसलेल्या काळेपणाला सरसकट वॉशआउट म्हणता येत नाही. रिपोर्टात औषधाचं नाव असायलाच हवं.

रिपोर्टात आणखी काय हवं : गाठीचा सेगमेंट (लिव्हरचा कोणता भाग) आणि माप, औषधाचा डोस, आर्टेरियल फेजमध्ये उजळण्याचा नमुना (सबंध, कड्यासारखा, कडेने ठिपक्यांचा), वॉशआउट सुरू झाल्याची वेळ सेकंदांत, त्याची तीव्रता, आणि शेवटी लाय-रॅड्स वर्ग. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी असेल तर तिच्यात बुडबुडे गेले का, हेही. साध्या गुठळीत जात नाहीत; गेले तर कॅन्सर शिरेत शिरल्याचं ते लक्षण. काही गोष्टी राहून गेलेल्या दिसल्या तर तिथेच, क्लिप समोर असताना विचारा. आठवड्याने फोन करून सेकंद विचारण्यात अर्थ नसतो.

आर्टेरियल फेज चुकलाच तर त्याच बैठकीत दुसरं इंजेक्शन देता येतं. आधीचे बुडबुडे संपायला दहाएक मिनिटं थांबतात, किंवा मशीनची ताकद क्षणभर वाढवून ते फोडतात.

त्यानंतर

या तपासणीची एक मर्यादा आधीच लक्षात घ्या : एका इंजेक्शनमध्ये आर्टेरियल फेज एकाच गाठीचा नीट पाहता येतो. संपूर्ण लिव्हरचा आणि छातीचा नकाशा तिच्यातून मिळत नाही. एलआर-५ आलं तरी उपचार ठरवण्याआधी ‘आणखी कुठे काही आहे का’ हे पाहायला सीटी किंवा एमआरआय लागतोच. तेव्हा ती दारं खरंच बंद आहेत का, हे आत्ताच तपासून ठेवा.

६१ वर्षांच्या पुरुषाला क्रिएटिनिन २.४ म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) साधारण ३०. सीटीच्या कॉन्ट्रास्टची खरी काळजी त्याच्या खाली सुरू होते. तुम्ही अगदी सीमेवर आहात. टाळता येईल तोवर टाळणं बरोबरच, पण कॅन्सरचा उपचार त्यावर अडला असेल तर पुरेसं सलाईन देऊन, डोस बेताचा ठेवून सीटी करता येतो. हा निर्णय लिव्हरच्या आणि किडनीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून घ्यायचा. एमआरआयमध्ये वापरली जाणारी नवीन, मॅक्रोसायक्लिक प्रकारची गॅडोलिनियम औषधं एवढ्या किडनीलाही सहसा देता येतात.

बायोप्सीची वेळ आली तर ती कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीच्या मदतीने होईल का, ते विचारा. गाठीचा मधला भाग मेलेला असू शकतो. सुई नुसत्या अंदाजाने तिथे गेली तर अहवाल ‘कॅन्सर दिसला नाही’ असा येतो आणि घरात खोटा आनंद होतो. बुडबुडे दाखवून उजळणाऱ्या भागात सुई नेली की ही चूक टळते. आधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बघतातच, पण किडनी कमजोर असली की प्लेटलेटची संख्या ठीक असूनही त्या नीट काम करत नाहीत. किडनीचा त्रास आहे हे बायोप्सी करणाऱ्याला वेगळं सांगा.

आणि पेसमेकरचं कार्ड शोधा. अलीकडे बसवलेले बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालणारे असतात, पण ते मशीनच्या आणि वायरींच्या मॉडेलवर ठरतं. जुनी वायर तशीच ठेवून नवीन मशीन बसवलेलं असेल तर दोन्ही मॉडेल बघावी लागतात. ‘पेसमेकर आहे’ एवढ्यावर एमआरआय रद्द झाला असेल, तर ते कार्ड पेसमेकर क्लिनिकमध्ये दाखवून लेखी उत्तर घ्या. दुसरी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीही अर्धवट राहिली, तर पुढचा मार्ग त्या उत्तरावर ठरेल.